पार्सलमधलं मेडल परत पाठवतेय

आज डोकं फिरलंय, पोस्ट मोठी होणार, आधीच सांगून ठेवते.

दुपारी पार्सल आलं. पुण्याहून भाऊजींनी मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावानं पाठवलेलं. १६ डिसेंबरला आमच्या नागपुरातल्या लेआउटमधे (वस्तीत) विजय दिवसाचा कार्यक्रम आहे, त्यात मामाजींचा सत्कार ठेवलाय, एकाहत्तरच्या लढाईतले आमच्याकडे आता ते एकटेच उरलेत. तर सत्काराच्या वेळी छातीवर सगळे मेडल दिसावे म्हणून भाऊजींनी ऑनलाइन पूर्वी स्टार मागवला, मामाजींना सरकारकडून कधी न मिळालेलं त्या लढाईचं मेडल. रिबनसकट, मागे पिन, एकदम चकाचक. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज की वहिनी, किती दिवस त्या ऑफिसच्या मागे लागता, हे लावून द्या, कोण पाहतं.

मामाजींनी डबी उघडली, चष्मा लावला, मेडल आडवं धरलं आणि त्याची कडा बोटानं फिरवून फिरवून पाहिली. मग मला विचारलं, "याच्यावर माहा नंबर कुठी आहे?"

ज्यांच्या घरी फौजी नाही त्यांच्यासाठी सांगते, सरकारकडून मिळालेल्या मेडलवर त्या जवानाचा नंबर, रँक, नाव बारीक अक्षरात कोरलेलं असतं. बाजारातलं कोरं असतं. मामाजींनी ते परत डबीत ठेवलं, माझ्या हातात दिलं आणि पेपर वाचत बसले. भाऊजी, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे, वाचा. तुमचा हेतू चांगला होता हेही मान्य. पण हेतू चांगला असला म्हणून मी ते त्यांच्या कोटावर लावणार नाही, उद्या कुरिअरनं परत येतंय.

आता मूळ गोष्ट. मामाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या डिस्चार्ज बुकमधे मेडलच्या रकान्यात चार नावं आहेत: सैन्य सेवा मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या नोकरीचं लाँग सर्व्हिस मेडल. नाहीत ती दोन. एक पूर्वी स्टार, म्हणजे डिसेंबर १९७१ मधे पूर्वेकडच्या आघाडीवर लढलेल्यांना दिलं ते. आणि दुसरं वूंड मेडल, ज्याला आता पराक्रम पदक म्हणतात, शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांचं. हे मला कळलं ते नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी कागद काढून बसली होती तेव्हा. मी विचारलं, मामाजी, तुम्हाला तर स्प्लिंटर लागलं होतं ना, मग हे कसं नाही? तर म्हणाले, "माहं एसओएस झालं, टीओएस झालं, मधातच राहून गेलं." म्हणजे एका पलटणीच्या यादीतून नाव कटलं, दुसरीकडच्या यादीत चढलं, त्या मधात. एवढंच. माणूस इतकी वर्षं हे धरून बसला आणि घरात कोणाला पत्ता नाही.

झालं असं की त्रिपुराच्या बाजूनं त्यांची पलटण आत शिरत असताना गोळ्याचा तुकडा डाव्या मांडीत घुसला. मागे आणलं, पट्टी केली, मग गुवाहाटीला हलवलं. ३ डिसेंबरला सुरू झालेली लढाई १६ ला ढाक्यात संपली तेव्हा हे पलंगावर होते, रेडिओवर ऐकलं म्हणतात. तिथून मेडिकल कॅटेगरी खाली आली म्हणून पलटणीत परत न पाठवता दुसरीकडेच पोस्टिंग दिलं. आणि ही दोन्ही मेडलं निघाली लढाई संपल्यावर, १९७३ साली. पलटणीनं आपल्याकडे हजर असलेल्यांच्या याद्या पाठवल्या, त्यात हे नव्हते. नव्या ठिकाणच्या बाबूला काय माहीत हा माणूस कुठून काय करून आला. फौजेत माणसाच्या बाबतीत जे घडतं त्याची पार्ट टू ऑर्डर निघते, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे त्याच्या शीट रोलवर, म्हणजे नोकरीच्या नोंदींच्या कागदावर चढते. ऑर्डर निघाली नाही तर घडलंच नाही. रेशन कार्डातून नाव कटल्यावर माणूस समोर उभा असूनही दुकानदार कार्डाकडेच पाहतो, तसं.

आणि हे ऐकल्यावर ऑफिसातल्या माझ्या बाजूच्या टेबलवरच्या बाईपासून तर माझ्या नवऱ्यापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, यातून मिळणार काय? काही नाही मिळणार. एक रुपया नाही. पैसे असतात ते शौर्याच्या पदकांना, वीरचक्रवाल्यांचा भत्ता २०१७ मधे दुप्पट करून महिन्याला ७,००० केला, सेना मेडल शौर्यासाठी असेल तर २,०००. पूर्वी स्टारला, वूंड मेडलला शून्य. मग कायले करून राहिली, म्हणतात. अरे पण शून्य आहे म्हणूनच तर! पैशाचं असतं तर तुम्ही सगळे माझ्याआधी रांगेत असता.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते, मला ती डोक्यातून जात नाही. मामाजींची कंबर धरली होती, डॉक्टरनं एमआरआय सांगितला, धंतोलीतल्या एका सेंटरवर घेऊन गेली. तिथे आधी फॉर्म भरून घेतात, शरीरात पेसमेकर आहे का, क्लिप आहे का, धातूचा तुकडा आहे का. मामाजींनी धातूवर बरोबरची खूण केली. तो टेक्निशियन पोरगा, पंचवीसेक वर्षांचा असेल, म्हणाला आजोबा, कधी बसवलं? मामाजी म्हणाले, "बसवलं नाही बेटा, बसलं. एकाहत्तरमधे." पोराला कळेना. मग एक्स-रे काढला, त्यात डाव्या मांडीत हाडाजवळ पांढराशुभ्र ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा. एमआरआय करायला नाही म्हणाले, चुंबकानं हलला तर भानगड. सीटी स्कॅनवर भागवलं.

म्हणजे बघा, धंतोलीतल्या पोराला दोन मिनिटांत जे दिसलं ते या देशाच्या कागदावर नाही.

तो एक्स-रे मी अर्जाला जोडला. सोबत डिस्चार्ज बुकची कॉपी, ॲफिडेव्हिट, रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट, सगळं. कोणतं ऑफिस ते लिहीत नाही, पलटणीचंही नाव लिहीत नाही, मामाजींनी बजावलंय की माझ्या पलटणीला नावं ठेवायची नाहीत. उत्तर हिंदीत आलं, चार ओळींचं, की उपलब्ध अभिलेखों के अनुसार आपके घायल होने का कोई उल्लेख नहीं पाया गया. अहो, उल्लेख नाही म्हणूनच अर्ज केला ना! उल्लेख असता तर मी काय तुम्हाला दिवाळीचं ग्रीटिंग पाठवत होती? एक्स-रेबद्दल एक शब्द नाही. तो पाकीट उघडून पाहिला तरी का, मला शंका आहे. आणि ज्या माणसाला तुम्ही संग्राम मेडल दिलं, म्हणजे त्या काळात तो ऑपरेशनच्या इलाक्यात ड्यूटीवर होता हे तुम्हीच मानलं, त्या माणसाला तुम्ही म्हणता की तू लढाईत असल्याचा कागद दाखव. कागद कोणाकडे असतो? जवान पार्ट टू ऑर्डर खिशात घालून फिरतो का?

बरं, मान्य, त्या टेबलवर बसलेल्या बाबूचा जन्मही नव्हता तेव्हा, आणि त्याच्यासमोर फायलींचा ढीग आहे. खोटे दावे करणारेही असतात, तेही मान्य. तपासा ना मग. तपासू नका असं कोण म्हणतं? हॉस्पिटलच्या भरतीच्या नोंदी मागवा, पोस्टिंग का बदललं ते पहा, कॅटेगरी का उतरली ते पहा. धडधाकट पोराची कॅटेगरी डिसेंबर १९७१ मधे हवा खाऊन उतरली का?

माझ्या मैत्रिणीचा मुलगा अमेरिकेत आहे, त्यानं त्याच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याचं असंच प्रकरण सांगितलं. तिकडे डिस्चार्जच्या कागदाला डीडी २१४ म्हणतात, त्यात मेडल राहिलं असेल तर दुरुस्तीसाठी वेगळं बोर्डच आहे, डीडी १४९ नावाचा फॉर्म भरायचा. मुदत चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षं, पण न्यायाची बाब असेल तर बोर्ड उशीर माफ करू शकतं. आणि ऐका, १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसमधल्या त्यांच्या रेकॉर्डच्या इमारतीला आग लागली, त्यात १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या, १९१२ ते १९६० मधे आर्मीतून सुटलेल्या लोकांच्या तर १०० पैकी ८०. तरी ते लोक पगाराचे कागद, हॉस्पिटलच्या नोंदी असं कुठून कुठून जोडून माणसाची नोकरी परत कागदावर उभी करतात. तिकडेही वेळ लागतो, चकरा माराव्या लागतात, तो म्हातारा काही खूश नव्हता म्हणे. पण आमच्याकडे तर आगही लागली नाही हो! फाइल शाबूत आहे, कपाटात आहे, फक्त कोणी उघडून नीट पाहत नाही.

आणि १६ तारखेला बघा काय होईल ते. सकाळपासून स्टेटस. जवानांना सलाम, तिरंगा, मागे गाणं. अधिवेशनासाठी आलेले नेतेही दोन शब्द बोलतील. आपल्या लेआउटच्या कार्यक्रमात माइकवर कोणीतरी म्हणेल की यांचे उपकार आपण विसरलो नाही. विसरलो नाही तर मग लिहून का नाही ठेवलं?

हे फक्त मेडलचं नाही. मागच्या गल्लीतल्या आजी, त्यांचे मिस्टर फौजेत होते, रेकॉर्डमधे बायकोचं नाव माहेरचं लागलेलं आणि आधारवर सासरचं. मिस्टर गेल्यावर फॅमिली पेन्शन अडकली, दुरुस्तीचा पीपीओ (पेन्शनचा आदेश) निघेपर्यंत त्या माउलीनं पोरांकडे हात पसरले. तिथे तरी पैशाचा विषय होता म्हणून पोरं पळाली. आणि ज्यांना पेन्शन नाही अशांची कागदपत्रं तर २५ वर्षांनी नष्टच करतात, नियमच तसा आहे. घरात डिस्चार्ज बुक असेल तर आजच काढून एक एक ओळ वाचा, जन्मतारीख, बायकोचं नाव, मेडल, सगळं. माणूस हयात आहे तोवर वाचा, नंतर विचारायला कोणी राहत नाही.

जेवणं झाल्यावर मी मामाजींना विचारलं, तुम्हाला खरंच पाहिजे का हे, की मीच उगाच करून राहिली? तुम्ही नाही म्हणाले तर सोडते. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मेडल नसलं तरी चालते. पण माह्यासंगच्या पोराईले भेटलं, मले नाही. उद्या कोनी ते यादी वाचली तं म्हनन, हा नव्हता तिथं. मी होतो ना बेटा तिथं."

यावर नवरा गप्प. मी पण गप्प. दर २६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतो, तेव्हा हाच माणूस माझ्या पोरांना न्यायचा, तोफा दाखवायचा, सगळ्या पलटणींच्या गोष्टी सांगायचा. स्वतःच्या मांडीची गोष्ट त्यात कधीच नव्हती. पोरांना ती कळली धंतोलीच्या त्या एक्स-रेमुळे.

तर आता मी ठरवलंय. माहितीच्या अधिकारात मामाजींच्याच नावानं त्यांच्या शीट रोलची आणि तेव्हाच्या मेडिकल कागदांची प्रत मागवतेय, दहा रुपये फी आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते आलं की नवा अर्ज, एक्स-रे परत जोडून, यावेळी पाकिटावर लाल पेननं लिहून की आत एक्स-रे आहे. नाहीच जमलं तर सैन्य दलांचं वेगळं ट्रिब्युनल आहे, आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, तिथे जाऊ. नवरा म्हणतो वकिलाचा खर्च, मी म्हटलं माझ्या बोनसमधून. विषय संपला. सत्काराला मामाजी जे चार मिळालेत तेच लावून जाणार, कोट आजच इस्त्रीला दिला.

आता तुमच्याकडून एक काम पाहिजे, म्हणूनच एवढं टाइप केलंय. सोबत असलेल्या कोणाचं ॲफिडेव्हिट मिळालं तर अर्जाला जोर येईल. डिसेंबर १९७१ मधे त्रिपुराच्या बाजूला असलेला, किंवा त्याच वेळी जखमी होऊन गुवाहाटीला गेलेला विदर्भातला कोणी फौजी तुमच्या घरी, गावात, सासरी असेल तर मला इनबॉक्स करा. मामाजींना एक काटोलकडचा आणि एक उमरेडचा आठवतो, बाजूच्या पलंगावरचा उमरेडचा, ज्याच्या हाताला प्लास्टर होतं आणि जो रात्रभर तमाशातली लावणी म्हणायचा. पलटणीचं नाव मी तिथे सांगते. शेअर करा, विशेषतः काटोल-उमरेडच्या लोकांनी. फोन लावणार असाल तर संध्याकाळी सातच्या आत लावा आणि जरा जोरात बोला, मामाजींना डाव्या कानानं कमी ऐकू येतं.