मॉलिन्यूचा प्रश्न हा प्रयोगच होता

नमस्कार, प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की लॉक-बर्कली वगैरे तत्त्वज्ञ मंडळी घरबसल्या तर्क लढवत होती, मनाचा खरा अभ्यास १८७९ ला मानसशास्त्रज्ञ वुंटने जर्मनीत लाइपझिगला लॅब काढल्यावर सुरू झाला आणि आधीच्या लोकांना त्यात ओढणं म्हणजे उगाच उदात्तीकरण. लॅबचं वर्ष बरोबर आहे, बाकीचं मला अजिबात पटत नाही.

डब्लिनचा अभ्यासक विल्यम मॉलिन्यू, त्याचंच घ्या. त्याची बायको लग्नानंतर लवकरच आंधळी झाली होती. त्याने १६८८ मध्ये लॉकला विचारलं, की जन्मांध माणूस चाचपून ठोकळा कुठला आणि गोळा कुठला ते ओळखतो, त्याला उद्या दिसायला लागलं तर हात न लावता नुसतं बघून सांगता येईल का? मॉलिन्यू आणि लॉक दोघंही म्हणाले नाही, जर्मन तत्त्वज्ञ लायबनित्स म्हणाला, समोर ठोकळा आणि गोळा आहे हे आधी सांगून ठेवलं तर येईल. म्हणजे कोणाला तपासायचं, काय दाखवायचं, कुठलं उत्तर आलं की कोण चुकला, सगळं ठरलेलं! याला प्रयोगाची आखणी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पुढे १७२८ मध्ये लंडनच्या चेसेल्डन सर्जनने मोतीबिंदू काढलेल्या, आधी दिसल्याची आठवणच नसलेल्या एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. त्याला सगळ्या वस्तू डोळ्याला टेकल्यासारख्या वाटायच्या, मांजर कुठलं नि कुत्रं कुठलं हे तो विसरायचा, शेवटी मांजराला हाताने चाचपून मग नीट बघून ठेवलं (मला हा प्रसंग फार आवडतो). लोक म्हणाले, बघा, लॉकचं खरं. पण १७४९ ला फ्रेंच विचारवंत दिदरोने विचारलं की नुकतं ऑपरेशन झालेला डोळा अजून बघायलाच शिकला नसेल तर त्याच्या 'नाही'चा अर्थ काय लावायचा?

आता २०११ चा पेपर बघा, पवन सिन्हांच्या प्रोजेक्ट प्रकाशमधला (यात जन्मांध मुलांवर उपचार करून त्यांच्या दृष्टीचा अभ्यास करतात), दिल्लीत ऑपरेशन झालेली ८ ते १७ वयाची पाच मुलं. हाताने चाचपलेला ठोकळा बघून ओळखायला सांगितला तर उत्तरं जवळजवळ अंदाजपंचे, पण बघितलेलाच ठोकळा पुन्हा बघून ओळखायचा तर ९२ टक्के बरोबर. हा दुसरा भाग मुद्दाम ठेवलाय, डोळ्याला नीट बघता येतंय हे त्यातून कळतं, आणि तो ठेवला नसता तर दिदरोची शंका जशीच्या तशी उभी राहिली असती. ज्यांना पुन्हा तपासलं त्यांना काही दिवसांतच ते जमायला लागलं, आणि इतक्या लवकर कसं, हे नुसतं लॉकसारखं 'अनुभवाने शिकतो' म्हणून सुटत नाही, त्यावर भांडायला लायबनित्सच्या बाजूलाही जागा आहे.