अब्दाली म्हणजे दादूची चप्पल

मराठा साम्राज्याचा तो नकाशा तुमच्याही ग्रुपवर आलाच असेल. अटकेपासून तंजावरपर्यंत सलग भगवा, वर सोनेरी अक्षरं. आमच्या सरसेनापतीने तो सकाळी सहाला टाकला. संध्याकाळपर्यंत कुणी साधा अंगठाही दिला नाही, म्हणून जाब विचारायला तो स्वतः कट्ट्यावर आला. (सरसेनापती हे नाव आम्ही ठेवलेलं. एका ट्रेकला याने नकाशा हातात घेऊन चौदा जणांना गडाच्या शेजारच्या डोंगरावर चढवलं होतं. वर पोचल्यावर घोषणाही दिल्या.)

"एवढं साम्राज्य, आणि शाळेत आपल्याला काय शिकवलं? दोन पानं!"

"चौथीला अख्खं पुस्तक होतं," वैजू म्हणाली. "तू वाचलं नाहीस."

वैजू जमीन मोजणीच्या कामात आहे. दिवसभर लोकांच्या बांधांवर उभी राहते, त्यामुळे आरडाओरड्याचं तिला काही वाटत नाही. तिने फोन घेऊन नकाशा दोन बोटांनी मोठा केला.

"हा रंग कोणत्या सालचा?"

"साल काय करायचंय? साम्राज्याचा आहे!"

"अटक 1758 ची. पुढचं वर्ष संपायच्या आत अब्दालीने पंजाब परत घेतला. महादजी शिंदे दिल्लीत वकील-ए-मुत्लक, म्हणजे बादशहाचे मुखत्यार, झाले ते 1784 ला. तुझ्या नकाशात दोन्ही एकाच दिवशी. पणजोबा आणि पणतू एकाच पाळण्यात घातलेत."

"तपशिलात शिरू नकोस, भावना बघ." हे त्याचं नेहमीचं. कॅरमला राणी हुकल्यावरही तो हेच म्हणतो.

"बरं, भावना. मोगल बादशहाच्या 1719 च्या सनदा बघ. स्वराज्याची वेगळी, चौथाईची वेगळी, सरदेशमुखीची वेगळी. दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई घ्यायची म्हणजे वसुलाचे 25 टक्के, सरदेशमुखी 10 टक्के. बाकीचा वसूल कुणाचा? तिथे कोणता रंग देशील?"

"फिका भगवा," दादू म्हणाला. दादू दोन्ही पक्षांत असतो.

आप्पा एवढा वेळ गप्प होते. म्हणाले, "पुरंदरच्या तहात काय आहे? 23 किल्ले दिले, 12 ठेवले, आणि त्यांच्याखालचा मुलूख किती होनांचा, ते. राज्य मोजलं ते किल्ल्यांत आणि वसुलात. रंगाचा डबा नंतर आला."

"म्हणजे आप्पा, तुम्हीपण!" सरसेनापतीचा आवाज फाटला. "मग नकाशे बघायचेच नाहीत का?"

"बघ की," वैजू म्हणाली. "रंग बघू नकोस, वाट बघ. दादू, चपला काढ."

दादूने काढल्या. वैजूने पिशवीचा पट्टा कट्ट्यावर उभा पसरला: यमुना. हेल्मेट ठेवलं: पानिपत. खाली कोपऱ्यात पाण्याची बाटली: दिल्ली. डावी चप्पल भाऊसाहेब, उजवी अब्दाली.

"ठेव दोघांना. 14 जानेवारी 1761."

सरसेनापतीने क्षणाचाही विचार न करता अब्दाली हेल्मेटच्या वर ठेवला, भाऊसाहेब खाली. "तो वरूनच येणार ना, अफगाणिस्तानातून!"

वैजूने दोन्ही चपला उचलल्या आणि अदलाबदल केली. "तो आधीच यमुनेच्या पलीकडे, दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या पट्ट्यात होता. आपण नदी उजवीकडे ठेवून उत्तरेला गेलो, कुंजपुरा घेतलं. ऑक्टोबरच्या अखेरीला तो बागपतला नदी उतरला आणि आपल्या आणि दिल्लीच्या मधे येऊन बसला. म्हणजे आपली तोंडं दक्षिणेला, त्याचं उत्तरेला. घरी जायचं तर त्याच्या अंगावरून. दाणागोटा यायची वाट त्याच्या बुडाखाली. त्याला मात्र दुआबातून रोहिल्यांचं धान्य येतंय. आपले गोविंदपंत बुंदेले तिकडे त्याची रसद तोडत होते, डिसेंबरात तेही मारले गेले. असं अडीच महिने."

सरसेनापती चक्क अर्धा मिनिट गप्प बसला. खरं सांगायचं तर मीही. लहानपणापासून पानिपत ऐकतोय, आणि माझ्या डोक्यातही अब्दाली कायम वरच्याच बाजूला.

"बरं, चित्र तर खोटं बोलत नाही?" सरसेनापती सावरला. त्याच्या फोनमध्ये तेही होतं: 1770 च्या आसपासचं, समोरासमोर तोफांच्या दोन कमानी, मधे धूर.

"शैली कुठली?"

"फैजाबाद, असं लिहिलंय."

"फैजाबाद कुणाचं? अवधच्या नवाबाचं, शुजाउद्दौल्याचं. तो कुणाच्या बाजूने लढला?"

"...अब्दालीच्या."

"मग जिंकलेल्याच्या घरचं चित्र तू डीपीला लावून फिरतोयस."

दादू एवढा हसला की भाऊसाहेब कट्ट्यावरून खाली पडले.

आप्पांनी संधी साधली. रेनेल या इंग्रज नकाशाकाराच्या 1782 च्या हिंदुस्थानच्या नकाशावर म्हणे कोपऱ्यात ब्राह्मण ब्रिटानियाला, म्हणजे बाईच्या रूपातल्या ब्रिटनला, पोथ्या अर्पण करताना दाखवलेत. आणि त्याच साली इंग्रज सालबाईचा तह करून जिंकलेला मुलूख मराठ्यांना परत देत होते. मग लखनौच्या सिकंदरबागेचा फोटो: लढाई नोव्हेंबर 1857 ची, बियातो नावाच्या फोटोग्राफरने फोटो काढला 1858 मध्ये, आणि अंगणातले सांगाडे फोटोसाठी मांडून घेतले असं त्या काळच्याच माणसाने लिहून ठेवलंय.

"फोटोसुद्धा?" सरसेनापती खचला.

"त्यात काय," दादू म्हणाला. "तुझा ट्रेकचा फोटो बघ. डोंगर शेजारचा, खाली नाव गडाचं. चारशे लाइक."

यावर तो उसळला आणि पुढची दहा मिनिटं त्या ट्रेकला होकायंत्र कुणी विसरलं यावर गेली. (मी. पण ते तेव्हाही कबूल केलं नव्हतं.)

शेवटी त्याने पुन्हा फोन काढला. नकाशा मोठा करत करत आपल्या गावापाशी आला. "हे तरी? हे तर ऐन स्वराज्यात आहे. इथे तरी आपलंच राज्य होतं ना?"

वैजू चपलेची यमुनेपलीकडची धूळ झटकत होती. "तुझ्या तिथल्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं?"

"माझं!"

"आणि पीक कोण काढतं?"

तो काहीच बोलला नाही. दादूच हळूच म्हणाला, "चुलता."

दादूला उशीर झाला होता, पण वैजू अब्दाली परत द्यायला तयार होईना.