पडदा काढायचा म्हणे!

आत्ताच कमिटीच्या मीटिंगमधून आलेय, डोकं तापलंय, पोस्ट लांबणार आहे, शुद्धलेखन तपासत बसू नका. पुढच्या ब्रास बँड स्पर्धेत जजसमोरचा पडदा काढून टाकायचा असा ठराव आलाय. कारणं काय, तर एक म्हणाले पारदर्शकता हवी. दुसरे म्हणाले लाइव्हस्ट्रीममध्ये ते काळं खोकं फार वाईट दिसतं. आणि तिसऱ्यांचं तर सगळ्यात भारी, "जजला बँडचं प्रेझेंटेशनपण दिसायला हवं ना." म्हणजे युनिफॉर्म. म्हणजे बूट. म्हणजे कोण किती ताठ बसलंय ते. आणि ह्यावर माना डोलल्या हो! चांगल्या वीस-वीस वर्षं वाजवलेल्या माणसांच्या माना!

ज्यांना बँडचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या स्पर्धेत जज बंद केबिनमध्ये नाहीतर पडद्याआड बसतो. सकाळी प्रत्येक बँडचा एकजण येऊन चिठ्ठी उचलतो, कोण कितवा वाजवणार ते तिथे ठरतं आणि ते जजच्या कानावर जाऊ द्यायचं नसतं. आत टेबल, दिवा, समोर स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची स्वरलिपी, उघडलेला. तयार झाला की शिट्टी नाहीतर बेल, मग कंडक्टरचा हात वर. जजबरोबर दिवसभर एक स्टुअर्ड असतो, अगदी बाथरूमपर्यंत, कारण वाटेत कुणी "कसं वाटलं सर" करत गाठायला नको. जजसाठी स्टेजवर फक्त बँड नंबर पाच आहे, संपलं. सगळ्यांना तोच टेस्ट पीस, म्हणजे स्पर्धेसाठी ठरवून दिलेली रचना, सगळ्यांची तीच वाद्यं, कॉर्नेट, फ्लूगल, हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन, बास (म्हणजे ट्युबा, सगळ्यात मोठं वाद्य) आणि मागे परकशन, म्हणजे ड्रम वगैरे, पंचवीस-तीस माणसं. एवढं सगळं मुद्दाम सारखं करून ठेवलंय, का, तर फरक पडला तर तो फक्त वाजवण्यात पडावा. आणि आता आपण त्यात बूट आणणार.

मीटिंगमध्ये मी "गृहस्था"ची गोष्ट काढली तर म्हणे "ते एक उदाहरण झालं". हो, झालं एक उदाहरण. तेच सांगणार मी परत परत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. स्पर्धेच्या आठवड्यात आमच्या युफोनियमवाल्या काकांची दाढ सुजली. गाल असा फुगला की माउथपीस ओठाला टेकवला तरी डोळ्यांत पाणी. टेस्ट पीसमध्ये मधल्या संथ भागात युफोनियमचा मोठा सोलो, बाकी सगळा बँड खाली दबक्या आवाजात आणि वर हा एकटा. दुसऱ्या बँडमधून माणूस आणायचा तर रजिस्ट्रेशन बंद झालेलं. मग राहिली कोण, तर सेकंड युफोनियम, पंधरा वर्षांची पोरगी, तीही तशी चणीनं बारीक. युफोनियम मांडीवर घेतला की माउथपीस तिच्या नाकाशी यायचा. म्हणून खुर्चीवर कंडक्टरांचा कोट घडी घालून ठेवला आणि त्यावर ती बसली, तर पाय जमिनीला टेकेनात. ही अशी ती स्टेजवर, काकांच्या खुर्चीत.

हॉलमध्ये खसखस पिकली, मी ऐकलीये, माझी खुर्ची बासच्या कडेला असते, तिथून प्रेक्षकांतलं सगळं ऐकू येतं. "ही वाजवणार? संपला यांचा बँड." हे म्हणणाऱ्यांतले एकजण आज मीटिंगमध्ये प्रेझेंटेशनवर बोलत होते. नाव घेत नाही. (नंतर सगळ्यात जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या, तेही सांगून टाकते, उगाच अन्याय नको.)

तर ते "पारदर्शकता". अहो, परीक्षेच्या पेपरवर आपण नाव का लिहीत नाही, नंबर का लिहितो? कुणी म्हणतं का तिथे की तपासणाऱ्याला पोराचं तोंड दिसू दे, पारदर्शक होईल? पडदा ही लपवाछपवी नाहीये, पडद्यामुळेच तर निकालावर बोट ठेवता येत नाही. आणि जज दिसला की तो बँडला दिसणार, हेही कुणाच्या डोक्यात येत नाही का? वाजवताना समोर एक माणूस मान हलवतोय, कपाळाला आठी घालतोय, पेन उचलून काहीतरी खरडतोय, आणि इकडे सोप्रानोवाला, म्हणजे सगळ्यात उंच सुराचा कॉर्नेट वाजवणारा, वरच्या सुराला जायच्या बेतात! माझी तर फुंक तिथेच जाईल.

मान्य, चांगले बँड जजला आवाजावरून ओळखता येतात. मान्य, कापडानं वरचे सूर जरासे मऊ होतात. झालं? पुढे.

ही पद्धत काल कुणाला सुचलेली फॅशन नाही. १८५३ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला ती पहिली मोठी स्पर्धा झाली, आठ बँड उतरले होते, मॉसलीचा बँड जिंकला. ह्या बँडमध्ये वाजवणारे कोण, तर गिरणीत, खाणीत राबणारे लोक, हाताला काजळी तशीच, संध्याकाळी येऊन सराव करणारे. जिथे बक्षिसाचे पैसे आणि अख्ख्या गावाची इज्जत लागलेली असते तिथे निकालावरून रामायण होणारच. पुढे ह्याच लोकांच्या स्पर्धेसाठी होल्स्टसारख्या मोठ्या इंग्लिश संगीतकारानं १९२८ साली टेस्ट पीस लिहिला, १९३० साली तसाच मोठा संगीतकार एल्गार, त्यानं लिहिला. एल्गारनं! त्याला काय बँडवाल्यांचे कोट बघायचे होते?

आजही इंग्लंडात व्हिट फ्रायडेला, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणानंतरच्या शुक्रवारी, सॅडलवर्थ आणि टेमसाइडच्या गावागावांत स्पर्धा होतात, बँड बसमध्ये बसून एका गावातून दुसऱ्या गावात, उतरले की मार्च करत जायचं, एक मार्च उभ्यानं वाजवायचा आणि परत पळत बस. तिथे तर सगळा तमाशा रस्त्यावर, लोक दारू पिऊन ओरडतायत, पाऊस पडतोय, पण जज कुठे? पडदे ओढलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये नाहीतर कुठल्यातरी खोलीत वर. लोकांना बघायची मजा, जजनं फक्त ऐकायचं. दोन्ही होतं की एकत्र!

मीटिंगमध्ये एकानं ग्राइमथॉर्प ह्या इंग्लंडातल्या कोळसाखाणीच्या गावाचं उदाहरण दिलं, तेही माझ्याच विरोधात. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारनं खाणी बंद करायचं जाहीर केलं, ग्राइमथॉर्पची खाण त्या यादीत, आणि त्याच आठवड्यात त्या खाणीचा बँड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये नॅशनल्स, म्हणजे ब्रास बँडची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकला. "बघा, भावना दिसायला हवी" असं म्हणे. अहो उलट आहे सगळं! हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं ते कोण आहेत आणि घरी काय वाढून ठेवलंय. ज्यांना स्टेज दिसत नव्हतं ते फक्त जज. म्हणून तर त्या जिंकण्यावर आजपर्यंत कुणी म्हणू शकलं नाही की दया येऊन दिलं. जज समोर बसलेले असते ना, तर आयुष्यभर त्या लोकांना ऐकावं लागलं असतं, "खाण बंद होत होती म्हणून मिळालं तुम्हाला." त्यांचं ते यश पडद्यानं राखलं. हे मी मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं पण तिथे शब्द फुटत नाहीत, इथे येऊन फुटतात.

परत आमच्या युफोनियमवाल्या पोरीकडे येते. सोलो सुरू व्हायच्या आधी युफोनियमला चार बारचा विराम होता, तिनं वॉटर की दाबून पाणी काढलं, शांतपणे, कुणी बघत नसल्यासारखं, स्लाइडमध्ये जराही बुडबुड नको म्हणून परत एकदा फुंकून बघितलं. आणि मग सुरुवात केली ती इतकी हळू की मला वाटलं सूर लागलाच नाही. लागला होता. पहिल्या फ्रेजच्या शेवटी सगळे श्वास घेतात तिथे तिनं घेतला नाही, पुढे नेलं, आणि आम्ही खाली बासवाले एकमेकांकडे बघतोय की आता ही कुठे थांबणार. एक सूर मधे किंचित फाटला, खोटं कशाला सांगू. पण घाबरून पळाली नाही ती, टेम्पोत राहिली.

निकाल लागला, आम्ही चौथे. रिमार्क शीट हातात आलं. जजनं सोलोच्या जागी लिहिलेलं, युफोनियमवरचे गृहस्थ अनुभवी दिसतात, कुठेही घाई नाही. गृहस्थ! कोचमध्ये ते मोठ्यानं वाचल्यावर ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली इतका दंगा झाला, आणि काका सुजलेल्या गालानं हसायला गेले नि कळवळले. त्या दिवसापासून पोरीचं बँडमधलं नाव गृहस्थ. अजून तेच आहे. आता सांगा, तो जज समोर बसला असता आणि त्याला तो कोट, ते लोंबकळणारे पाय दिसले असते तर काय लिहिलं असतं? एकतर "वयाच्या मानानं छान". नाहीतर काही ऐकायच्या आधीच अर्धा मार्क कापला असता. मला दोन्हींचा सारखाच राग आहे. "वयाच्या मानानं" नको होतं तिला, वाजवण्याच्या मानानं हवं होतं आणि ते मिळालं.

आणि मी बास वाजवते, मला बघून लोकांना काय वाटतं ते मला पुरतं ठाऊक आहे. "उचलता तरी येतो का" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरपण देत नाही. पडद्यामागच्या माणसानं मला आजवर असलं काही विचारलेलं नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रानं १९५२ मध्ये वादक निवडायच्या ऑडिशनला पडदा लावायला सुरुवात केली, तिथे म्हणे चपलांचा आवाजसुद्धा येऊ देत नाहीत. मोठमोठे ऑर्केस्ट्रा पडदा लावतायत आणि आपण, ज्यांच्याकडे आधीपासून आहे, ते काढतोय. धन्य.

करमणुकीच्या स्पर्धा वेगळ्या, तिथे हालचाल, लाइटिंग, सूत्रसंचालन, सगळ्याला मार्क असतात, तिथे बसवा ना जज उघड्यावर, मी स्वतः खुर्ची लावून देते. पण टेस्ट पीसची स्पर्धा ती नव्हे.

आणि खरंच सुधारायचंय ना काही, तर पडद्याचं सोडा आणि परकशनचं बघा. दर बँडनंतर टिंपनी, म्हणजे ते मोठे नगारे, इकडून तिकडे, कुणाला उजवीकडे हवी कुणाला डावीकडे, झायलोफोनचं चाक अडकलंय, कुणाच्या माळ्यावर राहिलेल्या स्टिक्स शोधताहेत, आणि पुढचा बँड वॉर्म-अप करून बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा, ओठ गार पडतायत, वाद्यं गार पडतायत, सगळ्यांचा पिच खाली. दुपारपर्यंत पाऊण तास उशीर ठरलेला. एक साधा नकाशा काढून सगळ्या बँडना आधी पाठवला, टिंपनी इथे, बास ड्रम इथे, हलवायचं नाही, तर निम्मा वेळ वाचेल. हे मी दर वर्षी सांगते. दर वर्षी "पुढच्या वेळी बघू". रजिस्ट्रेशन कार्ड दारात नीट तपासा, ऐन वेळी कुठून तरी उगवणारे स्टार कॉर्नेटवाले थांबतील. पहिली चिठ्ठी निघालेल्या बँडला हॉल उघडा मिळू दे वेळेवर, आधीच बिचाऱ्यांच्या नशिबात पहिला नंबर, जजला तुलनेला काही नाही, प्रेक्षक अजून खुर्च्या शोधतायत. ह्यातल्या कशालाही स्पॉन्सर लागत नाही. पण हे लाइव्हस्ट्रीमवर दिसत नाही ना.

लाइव्हस्ट्रीमचंपण सांगते. मी विरोधात नाही. लांबच्या लोकांना बघता येतं, आजी-आजोबांना नातू दिसतो, छानच आहे. तर कॅमेरा बँडवर लावा! जजच्या खोक्यावर कोण कॅमेरा लावतं? ते वाईट दिसतं म्हणे. अरे ते दिसण्यासाठी नाहीच्चे.

बरं, आता थोडी शांत झालेय, पाणी पिऊन आले. एक मुद्दा त्यांचा बरोबर आहे, रिमार्क शीट फार त्रोटक येतात, दोन ओळी आणि सही, वर्षभराच्या मेहनतीला दोन ओळी. त्यासाठी जजला निकालानंतर बँडबरोबर बसवा, दहा मिनिटं बोलू दे, मार्क देऊन झालेले असतील, मग बघा एकमेकांची तोंडं हवी तितकी. ह्याला मी हात वर करते.

ठराव पुढच्या मीटिंगला मताला येणार आहे, प्रत्येक बँडला एक मत. आपापल्या सेक्रेटरीला आज फोन करा, व्हॉट्सअपवर अंगठा टाकून मोकळं होऊ नका. आणि "नुसती बोलतेस, काम कोण करणार" म्हणणाऱ्यांसाठी, जजच्या खोक्यात स्टुअर्ड म्हणून बसणारं माणूस मी शोधतेय. अटी: कुठल्याही बँडमध्ये वाजवत नसावं, घरचं कुणी वाजवत नसावं, फोन दिवसभर बाहेर ठेवता यावा, आणि तोच टेस्ट पीस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐकून चेहऱ्यावर काही दाखवू नये. मानधन नाही. इच्छुकांनी इनबॉक्समध्ये या.