मलेरियाच्या गोळ्यांबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

दोन दिवसांपासून आपल्या नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला, की मलेरियात डॉक्टर उगाच दोन-दोन प्रकारच्या गोळ्या देतात, नुसती आर्टेसुनेट घ्या अन् ताप उतरला की बंद करा, आणि सरकारी फुकटच्या गोळ्या कमजोर असतात. असं करू नका बाप्पा, जिवावर बेतू शकतं.

आर्टेसुनेट जंतू फार झपाट्याने मारते पण शरीरात काही तासच टिकते, म्हणून सोबत दुसरं औषध देतात जे कितीतरी दिवस रक्तात राहून उरलेसुरले जंतू संपवतं. एकटी घेतली की ताप उतरतो पण मलेरिया उलटू शकतो, अन् पुढे जंतू औषधाला दादच देत नाहीत. म्हणूनच तर भारतात 2009 पासून नुसत्या आर्टेमिसिनिन गटाच्या, म्हणजे आर्टेसुनेटसारख्या, गोळ्यांवर बंदी आहे.

आणि मलेरिया एकच नसतो ना, फाल्सिपेरम अन् व्हायवॅक्स असे त्याचे वेगवेगळे प्रकार असतात. 2013 च्या राष्ट्रीय औषध धोरणात फाल्सिपेरमसाठी महाराष्ट्रात आर्टेसुनेट 3 दिवस, पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन (हेच ते सोबतचं दुसरं औषध), दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एक डोस असं आहे. व्हायवॅक्स लिव्हरमध्ये लपतो, त्याला क्लोरोक्विन 3 दिवस अन् लिव्हरमधल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन 14 दिवस. प्रायमाक्विन गरोदर बाईला चालत नाही, त्यामुळे शेजाऱ्याची उरलेली स्ट्रिप तर अजिबात नको, आधी रक्त तपासा.

फाल्सिपेरमच्या फुकटच्या पाकिटात आर्टेसुनेट अन् सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हीच जोडी असते, कमजोर काही नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी अन् गोळ्या दोन्ही फुकट, गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत तर आशाताई घरीच किटने तपासून देतात.