फ्रेंच पोर्सेलीन आणि ‘सगळे हाताने रंगवलेले’ हा समज

जुन्या वस्तूंच्या हौशी मंडळींत एक मजकूर वरचेवर फिरतो. त्यानुसार एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच पोर्सेलीन सगळे हाताने रंगवलेले असते, त्यावरची सोनेरी किनार म्हणजे सोन्याचा वर्ख असतो, गडद फुलदाण्यांवरच्या पांढऱ्या आकृती साच्यातून काढून चिकटवलेल्या असतात, आणि बुडाशी पॅरिसजवळच्या सेव्र या नामांकित पोर्सेलीन कारखान्याचा शिक्का असला की शंकेला जागा उरत नाही. यांतले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

हाताने रंगवण्याचा मुद्दा आधी घेऊ. पोर्सेलीनसाठी प्रसिद्ध असलेल्या लिमोजमध्ये 1841 साली जन्मलेला चित्रकार रेन्वार पोरवयात पॅरिसच्या एका कारखान्यात कप-बशा रंगवायला शिकला. पण छापील नक्षी आली आणि ते काम त्याच्या हातून गेले. पुढे लिमोजच्या कारखान्यांत रंगीत शिळाछापाची पद्धत रुळली. तीत नक्षीचे एकेक रंग आधी कागदावर छापले जात, मग तो कागद झिलईवर चिकटवून भिजवून काढला जाई आणि मागे राहिलेली नक्षी भट्टीत पक्की होई. भिंगाखाली अशा फुलात एकसारखे बारीक ठिपके दिसतात. कुंचल्याच्या फटकाऱ्यात मात्र रंग कुठे दाट, कुठे पातळ असतो. नुसती बाह्यरेषा छापून आत हाताने रंग भरलेले नगही पुष्कळ आहेत, आणि विक्रेते त्यांना बिनदिक्कत ‘हस्तचित्रित’ म्हणतात.

सोने खरे असते, पण ते वर्खाच्या रूपात नसते. आम्लात विरघळवून पुन्हा खाली बसवलेल्या सोन्याची तपकिरी भुकटी कुंचल्याने लावत. ती भट्टीतून निस्तेज निघे आणि अकीकाने घासल्यावरच चकाके. घासावे न लागणारे स्वस्त, पातळ द्रवसोने नंतरचे, आणि जुन्या कपांच्या काठावरून झिजून गेलेले दिसते ते बहुधा तेच.

शिक्क्याच्या मुद्द्यावर सेव्रचा इतिहासच उलट साक्ष देतो. 1800 ते 1847 या काळात तिथे संचालक असलेल्या अलेक्सांद्र ब्रोन्यार यांनी गोदामातले न रंगवलेले जुने पांढरे नग विकून टाकले. पॅरिसच्या रंगाऱ्यांनी ते घेऊन त्यांवर अठराव्या शतकाच्या थाटाची चित्रे काढली. अशा नगाची माती सेव्रची असते, चित्र नसते. पुढे तर घडणीचा आणि सजावटीचा शिक्का वेगळा झाला, आणि कोरा विकलेल्या नगाच्या शिक्क्यावर आडवी चीर मारली जाऊ लागली. म्हणून शिक्का आहे की नाही एवढ्यावर न थांबता तो कसला आहे आणि चिरलेला आहे का, हे पाहावे लागते.

पांढऱ्या आकृतींबाबतचा गैरसमज मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. सेव्रमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विकसित झालेल्या ‘पात-स्यूर-पात’ पद्धतीत, म्हणजे मातीवर माती चढवण्याच्या कामात, पातळ पांढऱ्या मातीचे थर रंगीत मातीवर कुंचल्याने एकावर एक चढवत, प्रत्येक थर वाळू देत आणि शेवटी हत्याराने कोरत. सेव्रमध्ये हे काम केलेले मार्क-लुई सोलों 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे इंग्लंडला मिंटन या पोर्सेलीन कारखान्याकडे गेले आणि ही विद्या तिकडे पोहोचली. भट्टीत पातळ थर अर्धपारदर्शक होतो, त्यामुळे वस्त्राच्या कडेपाशी खालचा गडद रंग झिरपल्यासारखा दिसतो आणि आकृतीच्या खांद्याशी, जिथे थर जाड असतो, तिथे शुभ्र पांढरा उरतो.