दीपचंदी

माझ्या सायकलच्या पुढच्या चाकात वीज तयार होते. ही बातमी मी पहिल्यांदा घरी सांगितली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता, मान वर न करता, "मग विजेचे बिल कमी का येत नाही?" असा प्रश्न विचारला होता. चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, बसवलेल्या त्या जनित्रातून मिळतात सहा व्होल्ट आणि तीन वॅट, म्हणजे अर्धा अँपिअर. तेवढ्यावर सायकलचा दिवा लख्ख पेटतो, परंतु पंखा फिरत नाही, हे मी समजावून सांगेपर्यंत भाजी निवडून झाली होती.

आमच्या पिढीच्या पुण्यात डायनामो म्हणजे टायरला घासणारी ती बाटली. संध्याकाळी खटका दाबला की ती टायरच्या कडेला जाऊन चिकटे, कण्हू लागे आणि सायकल एकदम दुप्पट जड होई. पावसात टायर ओला झाला की बाटलीचे चाक त्यावर नुसते घसरे आणि दिवा नेमका ज्या क्षणी हवा त्या क्षणी विझे. तो क्षण बहुधा चौकातल्या हवालदारासमोर येई. "आत्ताच गेला हो, साहेब" हे वाक्य त्या काळी इतक्या सायकलस्वारांनी इतक्या प्रामाणिकपणे उच्चारले आहे, आणि पावसाळ्यात ते इतक्या वेळा खरेही असे, की त्यावर विश्वास न ठेवणाऱ्या हवालदारांविषयी माझ्या मनात आजही किंचित राग आहे.

हबमधल्या डायनामोला ही घासाघीस नसते. कवचाच्या आत चुंबकांचे कडे असते आणि ते चाकाबरोबर फिरते. मध्ये तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि ते आसाला धरून स्थिर बसलेले असते. फॅरेडेने १८३१ साली जे दाखवले तेच येथे चाकाच्या मधोमध चालते. कल्पनाही नवी नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा 'डायनोहब' १९३० च्या दशकातच बाजारात आला होता. मला मात्र त्याची गरज वयाच्या पंचेचाळिशीत भासली, कारण त्या वयात मी ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीच्या नादी लागलो. ब्रेव्हेमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत कापायचे असतात. त्यात बक्षीस नसते, क्रमांक नसतो, आणि रात्री मात्र भरपूर असतात. बॅटरीचा दिवा पहाटे तीन वाजता, घाटाच्या उतारावर, चार्जिंगची आठवण काढतो. म्हणून मी एका कमकुवत क्षणी परदेशी बनावटीचा डायनामो हब मागवला आणि त्याची किंमत घरी सांगताना एक शून्य गिळले.

बारा हजार किलोमीटर तो हब मुकाट्याने चालला. मग एका पावसाळ्यात, खंबाटकी घाटातून परतताना तीन तास धुवांधार पावसात भिजल्यानंतर, पुढच्या चाकातून 'गर्र गर्र' असा आवाज येऊ लागला. तो आवाज जात्यात खडा आल्यावर येतो तसा होता. निदान सोपे होते: पाणी आत गेले, ग्रीस धुऊन निघाले आणि छरे कोरडे पडले. उपचारही सोपा होता. त्याला पूर्वी प्रत्येक सायकलच्या दुकानात 'ओव्हरऑइल' म्हणत. मूळ शब्द 'ओव्हरहॉल' आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळले, आणि तरीही मला वाटते की आपल्या मिस्त्र्यांचा शब्द अधिक अर्थवाही आहे, कारण त्यात तेलाचा उल्लेख तरी आहे.

रविवारी सकाळी दिवाणखान्यात वर्तमानपत्र पसरून मी चाक त्यावर आडवे ठेवले. वर्तमानपत्र आजचे आहे ही माहिती मला नंतर मिळाली.

पहिली अडचण पान्ह्याची होती. हबच्या टोकाला छऱ्यांना दाबून धरणारा, शंकूच्या आकाराचा जो 'कोन' असतो, त्याला पान्हा लावण्यासाठी दोन चपट्या बाजू ठेवलेल्या असतात. पण त्या इतक्या अरुंद असतात की घरातला कोणताही सभ्य जाडीचा पान्हा तेथे शिरत नाही. त्यासाठी पत्र्यासारखा पातळ पान्हा लागतो. तो मी मागच्याच आठवड्यात आणून अतिशय सुरक्षित जागी ठेवला होता, आणि ती जागा शोधण्यात पाऊण तास गेला. त्यानंतरची डावी बाजू मात्र विलक्षण सुरळीत पार पडली. वरचा नट सैल केला, कोन उलटा फिरवून काढला, रबरी झाकणी उचकटली, आणि आत दुधी चहाच्या रंगाचे ग्रीस व त्यात रुतून बसलेले छरे दिसले. एकेक करून दहा निघाले. कोनाच्या घासपट्टीवर फक्त एक झिजलेली रेघ होती. खड्डे पडलेले नव्हते. बोटावर ती रेघ फिरवताना मला, मोतीबिंदू वेळेत सापडल्यावर डॉक्टरांना होत असावा, तसा आनंद झाला.

छरे धुण्यासाठी रॉकेल लागते. ते आमच्या घरातून हद्दपार होऊन बरीच वर्षे झाली आहेत, म्हणून मी रंगकामातून उरलेले टर्पेंटाइन घेतले. धुतलेले छरे गाळण्यासाठी काहीतरी बारीक जाळीचे हवे होते. त्या क्षणी घरात कोणी नव्हते, आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली स्टीलची गाळणी माझ्याकडे पाहत होती. या विषयावर पुढे घरात जी चर्चा झाली ती मी येथे देत नाही. मी ती गाळणी साबणाने तीन वेळा धुतली होती, हा माझा मुद्दा शेवटपर्यंत विचारात घेतला गेला नाही, एवढेच नमूद करतो.

आता उजवी बाजू. ज्यांच्या हबला वीज नसते त्यांच्यासाठी उजवी बाजू म्हणजे डाव्या बाजूचे प्रतिबिंब. डायनामोच्या हबची उजवी बाजू हे वेगळेच संस्थान आहे. वेटोळ्यातून निघालेली तार आसाला पाडलेल्या खाचेतून, कोनाच्या आणि नटाच्या खालून, बाहेरच्या जोडणीपर्यंत येते. तेथे नट फिरवताना आस जागचा हलता कामा नये; तो नटाबरोबर फिरला तर खालची तार पिळवटते. हे मला ठाऊक होते. मी ते आदल्या रात्री दोनदा वाचले होते आणि मुलीला मोठ्याने समजावूनही सांगितले होते. जुन्या डायनोहबमध्ये तर चुंबकाचे कडे गाभ्यावरून तसेच उतरवले तर त्याची शक्ती ओसरत असे, आणि म्हणून त्याच्या मध्ये आधी लोखंडाचे दुसरे कडे सोबतीला सरकवावे लागे. तेव्हा गाभ्याला हात लावायचा नाही आणि आस फिरू द्यायचा नाही, अशा दोन प्रतिज्ञा करून मी उजवीकडे वळलो.

पहिली प्रतिज्ञा मी पाळली.

दुसरीचे असे झाले, की नट घट्ट होता. मी आसाचे दुसरे टोक पकडीत धरले, मुलीला "चाक धर" म्हटले, आणि जोर लावला. नट हलला, निदान मला तसे वाटले. पाव फेरा सुरेख फिरला आणि मी समाधानाने मान वर केली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आसपण फिरतोय." मुलांना खरे बोलायला शिकवण्याचे तोटे अशा वेळी कळतात. जोडणीचे प्लास्टिक काढून पाहिले तर दोन तारांपैकी एक अजून शाबूत होती आणि दुसरीचे जेमतेम नखाएवढे टोक खाचेतून वर आलेले होते.

अशा वेळी माणसाने उठावे, पाणी प्यावे आणि चाक जाणकाराकडे न्यावे. मी शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाच्या काळातली डाख देण्याची इस्त्री माळ्यावरून काढली. तांब्याच्या तारेवर वार्निशाचा पारदर्शक थर असतो आणि तो खरवडल्याखेरीज कथील तिला धरत नाही, हे मला चौथ्या प्रयत्नानंतर आठवले. पहिल्या तीन प्रयत्नांत कथलाचे मणी वर्तमानपत्रावर पडून संपादकीयाला भोके पडली. चौथ्या वेळी टोकाला दुसरी तार जोडली गेली, तिच्यावर रबराची नळी चढवली, आणि सगळे पुन्हा खाचेत दडपताना मी एवढा वेळ श्वास रोखून धरला होता की मुलीने मला हलवून पाहिले. कोणती तार कोणत्या बाजूला हा प्रश्न सुदैवाने नव्हता. या जनित्रातून येणारी वीज दिशा बदलत राहणारी असते, आणि माझ्या दिव्याला त्याचे काही वाटत नाही.

उजव्या बाजूचे छरे मात्र नऊच निघाले. तेथे मुळात नऊच होते, की दहावा माझ्या हातून निसटला, याचा निकाल लागेना. फ्रिजवरचे चुंबक घेऊन मी सोफ्याखाली पालथा पडून जमीन चाचपली. त्यातून दोन टाचण्या, एक हेअरपिन आणि मुलीच्या बालपणीच्या खेळण्यातला एक स्क्रू निघाला, छरा निघाला नाही. शेवटी मी चौकातल्या दुकानातून कागदाच्या पुडीत वीस नवे छरे आणले. जुन्यात एखादाच नवा मिसळला तर भार सारखा वाटला जात नाही, तेव्हा बदलायचे तर सगळेच बदलावेत, हे कारण मी घरी सांगितले. ते खरेही आहे.

ग्रीस भरले, छरे रचले, कोन बसवले. येथपर्यंतची दुःखे शारीरिक होती; येथून पुढची तात्त्विक होती. साध्या हबचा कोन नीट बसला की नाही हे बोटांना कळते: आस दोन बोटांत धरून फिरवावा, खरखर लागली तर घट्ट, खुळखुळला तर सैल. डायनामोचा हब मात्र तंदुरुस्त असतानाही बोटांना अडखळतच लागतो. चुंबकाचा प्रत्येक ध्रुव लोखंडाच्या दाताशी आला की थबकतो, मग सुटतो, पुन्हा थबकतो. माझ्या हबमध्ये एका फेऱ्यात असे २८ ठेके लागतात. विजेच्या भाषेत चौदा आवर्ते, आणि संगीताच्या भाषेत चौदा मात्रांच्या दीपचंदीची दोन आवर्तने. दिव्यासाठी वाजणाऱ्या तालाला हे नाव इतके चपखल होते की पहिली पाच मिनिटे मी खूश होतो. मग लक्षात आले, की या तालात जर एखादा छरा बेसूर लागत असेल, तर तो मला ऐकू येण्याची सुतराम शक्यता नाही. मी कोन किंचित सैल केला: अडखळणे तेच. घट्ट केला: अडखळणे तेच. संध्याकाळी सहापर्यंत मी कोनाच्या त्याच एक अष्टमांश फेऱ्यात मागेपुढे होत राहिलो आणि शेवटी मला आसाबरोबर माझ्या बोटांचाही भरवसा वाटेनासा झाला.

तेव्हा चाक खांद्याला लावून मी छरे विकत घेतले होते त्याच दुकानात गेलो. काकांनी आस दोन बोटांनी फिरवला आणि चेहरा गंभीर केला.

"साहेब, छरे गेलेत."

"काका, सकाळीच घातलेत. तुमच्याकडूनच नेले."

"मग कोन लई आवळलाय."

मी त्यांना चुंबक, ध्रुव आणि २८ ठेके यांविषयी सांगितले. ते सगळे शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी विचारले, "सायकल कुठंय?" ती घरी होती. "घेऊन या." मी घेऊन आलो. त्यांनी चाक फोर्कमध्ये बसवून पुढचा खटका आवळला, आसाकडे ढुंकूनही न पाहता टायरपाशी रिम धरली आणि ती आडवी हलवून पाहिली. मग पान्हा मागितला, कोन सुतभर सैल केला, पुन्हा बसवून पुन्हा रिम हलवली. "आता बघा. हातात धरल्यावर जरा खुळखुळायलाच पाहिजे. खटका आवळला की आस दाबला जातो, मग बसतं बरोबर." नंतर चाक फिरवून त्यांनी तळहात फोर्कवर ठेवला आणि डोळे मिटले. खरखर असेल तर ती तेथे येते, असे त्यांचे म्हणणे होते. मीही हात ठेवला. दीपचंदीची बारीक थरथर तेवढी येत होती, जात्यातला खडा नव्हता. सकाळी दहापासून मी ज्या प्रश्नाशी झुंजत होतो तो रिमपाशी, आसापासून हातभर अंतरावर, मोठा होऊन आयता हाती येतो, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. किंवा सांगितले असेल आणि मी तेव्हा तारांचे पान वाचत असेन. काकांनी वीस रुपये घेतले. खोक्यातून एक जुनी बाटली काढून, "ही लावा की, कटकट नाही," असा सल्लाही दिला.

घरी जाताना मी नवी गाळणी घेतली. जुनी आता माझ्या हत्यारांच्या पेटीत अधिकृतपणे राहते.

रात्री जेवण झाल्यावर सोसायटीच्या आवारात मी सायकलवरून दहा फेऱ्या मारल्या. आवाज नव्हता, आणि दिवा पेटला. तो उजेड ज्या तारेतून येत होता तिच्यातला तो बोटभर तुकडा माझा होता, या विचाराने मी आणखी पाच फेऱ्या मारल्या. मग सायकल खांबाला साखळीने अडकवून वर आलो आणि गॅलरीत उभा राहिलो. दिव्यात थोडी वीज साठून राहते, जेणेकरून सिग्नलला थांबल्यावरही तो एकदम विझू नये. त्यामुळे उभ्या सायकलचा दिवा खाली तसाच मंद जळत होता. रखवालदार तेथे आला, थांबला, वाकून त्याने दिव्याच्या वरखाली बोटे फिरवली आणि मग वर पाहिले.

"साहेब, लाइट चालू राहिला! बॅटरी उतरेल!"

"बॅटरी नाहीये त्यात!" मी वरून ओरडलो. "आपोआप बंद होईल!"

त्याला ते पटले नसावे. तो पुन्हा वाकला, तारेला हात लावला, सीटखाली शोधले, पेडल उलटे फिरवून पाहिले. दोनतीन मिनिटे गेली आणि दिवा विझला. रखवालदार ताठ उभा राहिला, हात झटकले आणि वर पाहून म्हणाला, "केला बंद, साहेब."

मी त्याचे आभार मानले.