व्यस्तचलन

मी तेहतीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि त्यांतली बहुतेक वर्षे मुलांना फळ्यावर दोन चाके काढून, त्यांच्याभोवती पट्ट्याची रेघ ओढून, व्यस्तचलन समजावून सांगितले. लहान चाक जास्त फेरे घेते, मोठे चाक कमी फेरे घेते, व्यास आणि फेरे यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखाच राहतो, आणि उत्तराखाली दुहेरी रेघ मारावी, एवढाच तो विषय होता. या सगळ्या काळात फळ्यावरचा पट्टा एकदाही घसरला नाही, तापला नाही, की चाकावरून उतरून माझ्या पायात आला नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर मी धातू फिरवून कापणारा एक जुना लेथ विकत घेतला, तेव्हा त्याच्या वेगाची जुळणी हे मला अर्ध्या तासाचे काम वाटले. प्रत्यक्षात ते संक्रांतीला सुरू झाले आणि होळीच्या दिवशी संपले.

लेथ मिळाला तो कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणि वजनावर, म्हणजे भंगाराच्या भावाने. साडेचार फुटी बेड म्हणजे लोखंडी बैठक, स्पिंडल म्हणजे मुख्य फिरता दांडा, तो ज्यांत फिरतो ते गनमेटलचे बुश, आणि स्पिंडलवर तीन पायऱ्यांची सपाट पट्ट्याची पुली, असे ते यंत्र होते. पूर्वी कारखान्यात एकच मोटर किंवा एकच इंजिन असे, आढ्याखालून एक लांब दांडा फिरे आणि त्यावरून उतरलेल्या पट्ट्यांवर खालची सगळी यंत्रे चालत. हा लेथ त्या एकत्र कुटुंबातला होता. त्याला स्वतःची मोटर कधीच नव्हती, आणि ती बसवून त्याला विभक्त संसार थाटून देण्याची जबाबदारी आता माझ्यावर आली होती.

टेम्पोतून तो उतरवला जात असताना सौभाग्यवतींनी विचारले, "हे नेमके काय करते?"

"गोल करते," मी म्हणालो.

"काय गोल करते?"

"काहीही."

त्यावर त्यांनी आतून पुरणयंत्र आणून माझ्या हातात दिले. त्याच्या दांड्याचे भोक झिजून लांबट झाले होते आणि दोन वर्षे तो दांडा डुगडुगत होता. "मग याचे भोक गोल करा. होळीच्या आत," एवढे बोलून त्या आत गेल्या. ही माझ्या कारखान्याची पहिली ऑर्डर होती.

मी वही उघडली. भिंतीलगत एक लोखंडी घोडा करून त्यावर मधला दांडा बसवायचा, त्या दांड्यावर स्पिंडलसारखीच तीन पायऱ्यांची पुली उलटी लावायची, आणि त्याच दांड्याला दुसऱ्या टोकाकडून व्ही-बेल्टने मोटर जोडायची, असा बेत होता. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, तिच्यावर तीन इंची पुली, मधल्या दांड्यावर अठरा इंची पुली, म्हणजे मधला दांडा २४० फेरे घेणार. पायऱ्या सहा, आठ आणि दहा इंचांच्या होत्या, म्हणून स्पिंडलला ४००, २४० आणि १४४ असे तीन वेग मिळणार. शिवाय बॅकगिअर, म्हणजे वेग उतरवणारी दात्यांची चाके, टाकला की वेग नवव्या हिश्श्यावर येऊन सुमारे ४४, २७ आणि १६ असे आणखी तीन. पहिले तीन वेग भूमितीय श्रेणीत होते, हे पाहून मला इतका आनंद झाला की मी ते सौभाग्यवतींना वाचून दाखवले. १४४ आणि ४४ यांच्यामध्ये मोठी खिंड पडली होती, तिच्याकडे मी दुर्लक्ष केले.

मोटर जुन्या बाजारातून आणली. घरी थ्री फेज नसल्यामुळे ती सिंगल फेजची, एक अश्वशक्तीची घेतली होती. तिच्यावरची पाटी रंगाच्या तीन थरांखाली गेली होती, पण विकणाऱ्याने ती "चौदाशे चाळीसचीच" असल्याचे शपथेवर सांगितले. भूमितीच्या प्रमेयात सुरुवातीला 'पक्ष' म्हणून जे लिहितात, त्यावर कोणी शंका घेत नाही, तसे मी ते लिहून घेतले.

पहिल्या दिवशी पट्टा ४०० च्या पायरीवर चढवून मी बटण दाबले. त्यानंतर जे झाले त्याला यंत्र चालू झाले असे म्हणणे अपुरे आहे. काम पकडणारा चार जबड्यांचा आठ इंची चक इतक्या वेगाने फिरू लागला की जबडे दिसेनासे झाले, बेड थरथरू लागला, आणि लेथ, ज्याला उतरवायला सहा माणसे लागली होती, फरशीवरून बोटभर माझ्याकडे सरकला. मी बटण बंद केले ते दाराबाहेरून, काठीने.

दुसऱ्या दिवशी मला एकमेव ज्ञात असलेले मोजमापाचे साधन मी वापरले. चकावर खडूने रेघ ओढली, पट्टा मधल्या पायरीवर घेतला, बॅकगिअर टाकला, आणि घड्याळ लावून फेरे मोजले. २७ यायला हवे होते, ५३ आले. पुन्हा मोजले, पुन्हा ५३. गणित चार वेळा तपासले, ते निर्दोष होते.

शेवटी मागच्या गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावले. चाळीस वर्षे टर्नर म्हणून काम केलेला हा माणूस दारातच थांबला, मोटरीचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "सर, ही पाण्याच्या मोटरीची जात हाय. अठ्ठावीसशे ऐंशीची." आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे चार ध्रुवांच्या मोटरीचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० वेळा फिरते आणि दोन ध्रुवांच्या मोटरीचे ३००० वेळा, भाराखाली मोटर जरा मागे राहून अनुक्रमे १४४० आणि २८८० च्या आसपास चालते. हे मला पाठ होते. फक्त ध्रुव मोजण्यासाठी मोटर उघडावी लागत नाही, कान उघडे असले तरी पुरते, हे पाठ नव्हते. पक्षातच खोट असल्यामुळे माझा चक ४०० ऐवजी ८०० च्या वेगाने फिरला होता, आणि गनमेटलच्या त्या म्हाताऱ्या बुशांनी ते सहन केले, यात माझा काही वाटा नव्हता.

मिस्त्रींना बोलावताना माझ्या मनात थोडा संकोच होता. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता आणि माझ्याच हातून गणितात नापास झाला होता. त्यांनी तो विषय काढला नाही, आणि त्यामुळे संकोच आणखी वाढला.

याच सुमारास पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो अभियंता आहे. "मामा, या जमान्यात पट्टे कसले बदलता? थ्री फेजची मोटर घ्या आणि ड्राइव्ह बसवा. घरची सिंगल फेज आत जाते, थ्री फेज बाहेर येते, आणि हर्ट्झ कमी-जास्त करून हवा तो वेग मिळतो." हवा तो वेग! सहा पायऱ्यांच्या जिन्याऐवजी अखंड उतार! मी त्याच आठवड्यात पाटी स्वच्छ वाचता येईल अशी १४४० ची मोटर आणि डब्याएवढी एक पेटी घेऊन आलो.

मोटर फिरली, पण अशी अशक्त फिरली की पट्टा मुठीत धरून मी तिला थांबवले. भाच्याने फोनवर निदान केले. मोटर ४१५ व्होल्टवर चालण्यासाठी स्टारमध्ये जोडलेली होती आणि पेटीतून बाहेर येत होते २३० व्होल्ट. झाकणाखाली सहा खिळे आणि तीन पितळी पट्ट्या असतात. पट्ट्या आडव्या असल्या की स्टार, उभ्या केल्या की डेल्टा, म्हणजे कमी व्होल्टची जोडणी. पेटी बंद केल्यावरही तिच्या पोटातल्या कपॅसिटरांत वीज शिल्लक राहते, म्हणून काही वेळ थांबण्याची ताकीद त्याने दिली होती. मी दहा मिनिटांऐवजी दुपारचे जेवण आणि वामकुक्षी उरकून मग पट्ट्या उभ्या केल्या. मोटर चांगली चालू लागली, फक्त उलटी. कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की ती सुलटी होते, हे एकच काम या संपूर्ण प्रकरणात पहिल्या प्रयत्नात जमले.

आता पट्टा. तो मधल्या पुलीवरून सारखा उतरत होता. मी बारकाईने पाहिले तेव्हा दिसले की पुलीची पाठ सपाट नसून मध्यभागी किंचित फुगलेली आहे. कारण उघड होते. वर्षानुवर्षे वापरून पुलीच्या कडा झिजल्या आहेत आणि पट्टा घसरगुंडीवरच्या पोरासारखा खाली जातो आहे. मी मिस्त्रींना ती पाठ सपाट करून आणायला सांगितली. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी मला शाळेतला सर्वांत हुशार मुलगा चुकल्यावर मी जसे समजावत असे, तसे समजावले. फुगवटा मुद्दाम ठेवलेला असतो. सपाट पट्टा उताराला जात नाही, चढाला जातो. चालता पट्टा नेहमी मोठ्या व्यासाकडे सरकतो आणि म्हणून फुगवट्याच्या माथ्यावर येऊन स्थिरावतो. दोष पुलीत नव्हता, माझा मधला दांडा स्पिंडलला समांतर नव्हता. त्यांनी दोन टोकांना दोरी लावून दाखवली, आणि फरक अंगठ्याएवढा निघाला. समांतर रेषांवर मी किती तास बोललो असेन याचा हिशेब मी त्या वेळी केला नाही.

त्यानंतरचे आठ दिवस मी सुखात होतो. बटण फिरवून ५ हर्ट्झवर आणले की चक मिनिटाला २४ फेरे घेई, तेही बॅकगिअरचा खडखडाट न होता. मी शेजाऱ्यांना बोलावून ते दाखवत असे. दोष एवढाच होता की टूल लोखंडाला टेकले की चक थांबे. वेग दहावा हिस्सा केला की मोटरीची पिळण्याची ताकद फार तर तेवढीच राहते, वाढत नाही, आणि काम करण्याची शक्ती मात्र दहावा हिस्सा होते. बॅकगिअर वेग नवव्या हिश्श्यावर आणताना पीळ नऊपट करून देतो. भरीला मोटरीचा पंखा तिच्याच दांड्यावर असल्यामुळे तोही पेंगत फिरे आणि मोटर तव्यासारखी तापे. "गुंडी फिरवून बळ येत न्हाई, सर," मिस्त्री म्हणाले, "बळ दातात हाय." मग मी मुकाट्याने बॅकगिअर टाकला, पण पुलीला मोठ्या गिअरशी जोडणारी खीळ काढायची विसरलो. त्यामुळे लेथ स्वतःलाच दोन्ही हातांनी धरून उभा राहिला आणि पेटीवर जादा प्रवाहाची सूचना लुकलुकू लागली. पेटी बिघडली म्हणून मी भाच्याला रात्री साडेदहा वाजता फोन केला, हे त्याने अजून कोणाला सांगितलेले नाही अशी मी आशा करतो.

चकाची गोष्ट मला टाळायची होती, पण ती बेडवर कोरली गेली आहे. बंद केल्यावर चक रेंगाळत थांबतो हे मला पसंत नव्हते, म्हणून मी पेटीत थांबण्याचा अवधी एक सेकंद केला. जुन्या लेथचा चक स्पिंडलच्या नाकावर आट्यांनी बसवलेला असतो. बटण दाबताच स्पिंडल जागच्या जागी थांबला. चकाला मात्र कोणी थांबायला सांगितले नव्हते. तो आपल्या गतीने फिरत आटे सोडवत बाहेर आला, बेडवर पडला आणि घंटेसारखा आवाज करून दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉकपर्यंत गेला. सौभाग्यवती आतून आल्या, त्यांनी बेडवरची खळी पाहिली, माझे दोन्ही पाय मोजले आणि विचारले, "पुरणयंत्राचे कुठवर आले?" आता तो अवधी दहा सेकंद आहे.

धातू कापण्याच्या वेगावर फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने २६ वर्षे प्रयोग केले, त्यांत आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा बुरा केला आणि १९०६ मध्ये निष्कर्ष मांडले. हे मी सौभाग्यवतींना धीर यावा म्हणून सांगितले. त्यांना टेलरच्या बायकोची चिंता वाटली.

मी पुन्हा खडू घेतला. मोटर आता खात्रीची १४४० ची होती, पेटीवर ५० हर्ट्झ होते, दांडे समांतर होते. मधली पायरी, बॅकगिअर, अपेक्षित फेरे पावणेसत्तावीस. आले साडेपंचवीस. मी पट्टा ताणला, सव्वीस आले. आणखी ताणला, तेव्हा बुशातून धूर आला.

मिस्त्रींनी तेलाची बुधली ओतली आणि पट्टा पहिल्यापेक्षाही सैल केला. "घसरू दे की जरा. टूल रुतून बसलं आणि पट्टा घसरला न्हाई, तर मग काय मोडंल? दात मोडंल, न्हाईतर तुमचं बोट." ते जरा थांबले. "आमच्या पोरानं पेपरात तेच लिवलं हुतं. दोनशे चाळीस, पण पट्टा घसरतो म्हणून थोडे कमी. तुम्ही शून्य दिलासा."

मला ती उत्तरपत्रिका आठवली. मी नुसते शून्य दिले नव्हते, लाल शाईने 'पट्टा का घसरेल?' असा प्रश्नही लिहिला होता. त्या मुलाचा आता शिरोलीला स्वतःचा कारखाना आहे. वडिलांच्या हाती त्याने माझ्यासाठी वीस मिलिमीटरचा पितळेचा तुकडा पाठवला होता, पुरणयंत्राच्या बुशासाठी.

पितळेला मिनिटाला ६० मीटर हा वेग धरला, तर वीस मिलिमीटर व्यासाला साडेनऊशे फेरे हवेत असे वही सांगत होती, आणि माझ्या लेथची वरची मर्यादा चारशे होती. मी हे मिस्त्रींपुढे मांडले. त्यांनी वही मिटली, पट्टा मधल्या पायरीवर टाकला आणि म्हणाले, "घ्या." वीस मिनिटांत बुश झाला. सोनेरी बुरा माझ्या बाहीत, चपलेत आणि, नंतर कळले त्याप्रमाणे, देवघरातही गेला होता.

होळीच्या दिवशी सकाळी पुरणयंत्र पाटावर आले. बुश चपखल बसला होता, दांडा तसूभरही हलत नव्हता. सौभाग्यवतींनी शिजलेली डाळ आणि गूळ घालून दांडा फिरवायला सुरुवात केली. मी खिशातून खडू काढून दांड्याच्या टोकावर बारीकशी खूण केली आणि घड्याळाकडे पाहत बसलो. सतरा झाले होते.

"अहो, मोजताय काय? गार झाले की निघत नाही ते," त्या म्हणाल्या आणि दांडा माझ्याकडे वळवला. "फिरवा."